कफ कुणाचा?

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायला आमचे नातेवाईक कचरतात. बायकोचं म्हणणं, यात त्यांची काही चूक नाही. समोरचा खोकला की माझा घास हातातच थांबतो आणि कान टवकारले जातात. कोरडा की ओला? घशातला की खोलातला? तोंडाला रुमाल लावलान तर नंतर तो उघडून पाहिलान का? "तुमचं लक्ष जिलबीत नसतं, लोकांच्या फुफ्फुसात असतं," असं ती चारचौघांत सांगते. मला वाईट वाटत नाही, कारण ते खरं आहे. रत्नागिरीतल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी आयुष्यभर लोकांचा कफ तपासला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामातलं काहीतरी लिहा" म्हटलं, तेव्हा विषय काय आहे याची त्यांना कल्पना असावी, असं मी धरून चालतो. वाचकांनी हातातली चकली आधी संपवून घ्यावी.

माझा स्वभाव मुळात संशयी नव्हता. धंद्यानं केला. दुकानदार गिऱ्हाइकावर विश्वास टाकून उधारी देतो, मास्तर पोराच्या शब्दावर त्याला घरी सोडतो, पण कफ तपासणाऱ्यानं कुणावर विश्वास टाकला की तो बुडालाच. पहिला संशय असा की डबीत आहे तो कफ तरी आहे का? थुंकी तोंडात तयार होते आणि कफ छातीतून वर येतो. मला कफ हवा असे आणि लोक थुंकी आणत. बायकांची तर फारच पंचाईत. घरंदाज बाईनं चारचौघांत खाकरायचं कसं? त्या पदराआड हळूच तोंड ओलं करून डबी पुढे करत. शेवटी आमच्या डॉक्टर बाईंनी दवाखान्याच्या मागच्या फणसाखाली माडाच्या झापांचा आडोसा करून घेतला आणि तिथे बायकांना मोकळेपणी खोकायला लावलं. त्यानंतर बायकांच्या डब्यांमधून आजार सापडायला लागला. त्याआधी तो नव्हता थोडाच.

डब्याही काय एकेक येत. आम्ही दिलेली डबी घरी मीठ ठेवायला बरी म्हणून राहून जाई आणि कफ येई करवंटीतून, औषधाच्या बाटलीतून, एकदा तर तपकिरीच्या डबीतून. त्या आजोबांचा नमुना काचेवर पसरला तर दुर्बिणीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकात, दिसणारं सगळं शेत तपकिरीचं. मी म्हटलं, "आजोबा, ह्यात जंतू असला तर तोसुद्धा शिंकून बाहेर पडला असेल." ते रागावून जे गेले ते दुसरी डबी घेऊन आलेच नाहीत. पुढे अनेक महिने बाजारात दिसले की मी त्यांच्या चालण्याकडे आणि धापेकडे निरखून बघत असे. ठणठणीत होते.

दुसरा संशय जास्त महत्त्वाचा. कफ आहे हे खरं, पण तो कुणाचा? त्या काळात किनाऱ्यावरच्या गावांतून माणसं आखाती मुलखात नोकरीला निघत. जायच्या आधी छाती स्वच्छ असल्याचा दाखला लागे. एक तरणाबांड मुसलमान गृहस्थ असाच आला. इस्तरीचा सदरा, अत्तराचा वास, शुभ्र दात. त्याच्या डबीतला कफ मी काचेवर घेतला, तर त्यात सुपारीचे कण आणि पानाचे तंतू. मी खिडकीतून विचारलं, "पान खाता का हो?"

"तोबा, भाव. आयुष्यात कदी नाय."

"मग ज्यानं हे थुंकलंन तो खातो."

तो आधी हसला, मग कबूल झाला. डबी मेहुण्याची होती. मेहुणा पैलवान, छातीचा भाता, म्हणून त्याचा कफ पास होणार असा हिशेब. मी त्याला फणसाच्या पलीकडे नेऊन माझ्यासमोर खोकायला लावलं. त्याचा स्वतःचा कफ अगदी स्वच्छ निघाला. तो आनंदानं गेला, पण मी बसून विचार करत राहिलो. माणसाचा दुसऱ्याच्या छातीवर विश्वास असतो आणि स्वतःच्या छातीवर नसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

हे सगळं कशापायी चाले? नावापायी. क्षयाचं नाव लागलं की माणूस जिवंतपणी घरातून वजा होई. त्याचं ताट वेगळं, गोधडी वेगळी, पोरं लांब. आणि आमची पद्धत अशी की डबीवर नाव लिहायचं आणि निकाल तयार झाला की त्या नावानं खिडकीतून मोठ्यानं हाक मारायची. हाक मारली की व्हरांड्यातल्या साऱ्या माना वळत. म्हणून लोक खोटी नावं देत. एकदा मी एका नावानं हाका मारून दमलो. शेवटी कोपऱ्यातला एकजण उठला आणि "तो माझा शेजारी, मी नेऊन देतो" म्हणून कागद घेऊन गेला. जाताना खोकत गेला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. ती ऐंशीच्या दशकातल्या एका शिमग्याची आहे. माणसांची नावं मी बदलली आहेत.

सुलभा नावाची एक सून आपल्या सासूबरोबर आली. गाव आतल्या अंगाला, येष्टीनं दोन डोंगर ओलांडून यावं असं. शेतकरी घर. नवरा दत्ताराम मुंबईला नोकरीला, घरी सासू आणि तीन वर्षांची मुलगी. सासूचं नाव भागीरथी. बाई काटक, नजर अशी की तीच मला तपासायला आली आहे असं वाटावं. सुलभा बोलायला लागली की दर वाक्यागणिक खोकत होती आणि छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

"भाव, नीट बघा वो," भागीरथीबाई म्हणाल्या. "वाडीत सगळी बोलतायत, हिला खय झालाय. बाया पाण्यावर हिच्या हंड्याला हंडा लावू देत नायत."

"कधीपासून आहे?" मी सुलभेला विचारलं.

"दरवर्सा शिमग्याला व्हतं. मग पावसात. मधी बरी असतंय."

"घोव मुंबयसून आला का हिचा खोकला सुरू," सासू म्हणाली. "बायांनी ता बरोबर हेरलानी."

मी कफ काचेवर पसरला. तपासणीची रीत सांगतो, अवघड नाही. काच सुकवायची, त्यावर लाल रंग ओतून खालून दिव्याची आच द्यायची, वाफ निघेपर्यंत. मग आम्लानं धुवायची. सगळ्यांचा रंग उतरतो, पण क्षयाचा जंतू इतका चिवट की तो लाल सोडत नाही. वर निळा रंग दिला की निळ्या शेतात लाल रेघा दिसतात. दिसल्या तर क्षय. आमच्या दुर्बिणीला तेव्हा आरसा होता आणि उजेड सूर्याचा. वीज असे, पण पोफळीच्या वीजघरात तयार झालेली वीज आमच्या बाकाला बगल देऊन कुठे जाई ते कळत नसे. त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. सुलभेच्या काचेवर एकही लाल रेघ नव्हती.

पण दुसरंच काही होतं. डॉक्टर बाईंनी मला सवय लावली होती की जंतू नाही म्हणून डबी फेकायची नाही, त्याच कफाच्या दुसऱ्या काचेवर वेगळा रंग देऊन पेशी बघायच्या. त्यात मला सुंभासारखे पिळलेले दोरे दिसले. बारीक श्वासनळीत कफ घट्ट होऊन तिच्याच साच्यात वळला जातो, तो तसाच्या तसा बाहेर पडला की असा दिसतो. त्याच्या आजूबाजूला लालसर दाण्यांनी भरलेल्या पेशींचा बाजार भरला होता आणि दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले स्फटिक होते. दुसऱ्या दिवशीचा नमुनाही तसाच. छातीचा फोटो स्वच्छ. बाई म्हणाल्या, "हा क्षय नाही, ही दम्याची जात आहे."

भागीरथीबाईंना ते पटेना. "खय नाय तर मग वाटी वाटी कफ पडतो तो कुठनं?"

प्रश्न रास्त होता. बाईंनी तिला व्हरांड्यातच समजावलं. त्या मूळच्या इथल्याच, त्यामुळे कुणाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे त्यांना कळे. त्या म्हणाल्या, "आजी, कफ सगळ्यांच्याच छातीत असतो. धूळ चिकटून बाहेर पडावी म्हणून शरीर तो गाळतं. आता मला सांगा, तुमच्या घरात एकदा फुरसं निघालं तर पुढे काय होतं?"

"काय व्हनार? दोरी पडलेली दिसली तरी काठी उचलतो मानूस."

"हिच्या श्वासनळीला तसं झालंय. धूर, कुजका पातेरा, बुरशी, काहीतरी तिला एकदा झोंबलं. आता नुसता वास आला तरी आतले राखणदार बोंब मारतात. बोंब ऐकली की नळीचं अस्तर सुजतं आणि कफ गाळत सुटतं. फुरसं नसतंच. काठ्याच जास्त झाल्यात."

शिमग्याच्या सुमाराला आमच्याकडे राब भाजतात हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तिथे शेण, झाडांचे टाळ म्हणजे तोडलेल्या फांद्या आणि वर्षभर साठवलेला पातेरा म्हणजे पाचोळा पसरून त्यावर माती टाकायची आणि पेटवायचं. ते धडधडून पेटत नाही, धुमसत राहतं. पातेरा उचलताना बुरशीची भुकटी उडते आणि पेटवल्यावर धूर जमिनीलगत पसरतो. सुलभेच्या घरी पुरुष मुंबईला, त्यामुळे ते काम तिच्या अंगावर. मुंबईचे चाकरमानी शिमग्याला येतात आणि राबही तेव्हाच. बायांनी हेरलं होतं ते अर्धं खरं होतं. खोकला शिमग्यालाच येई, पण नवऱ्याच्या पायानं नाही.

ती आतल्या राखणदारांची बोंब म्हणजे नेमकं काय, हे मी पुढे निवृत्तीनंतर वाचलं. त्या काळी बाईंनाही सगळं ठाऊक नव्हतं, कारण ते शोधलंच गेलं नव्हतं. आपल्या श्वासनळीच्या अस्तरात काही पेशींना बारीक केसांचे कुंचले असतात, त्या कफ वर लोटतात. काही पेशी पेल्यासारख्या असतात, त्या कफ गाळतात. रक्षक पेशींनी सोडलेले निरोप, म्हणजे काही बारीक प्रथिनं, या अस्तरापर्यंत येऊन पोचतात. त्या प्रथिनांच्या कुळाला इंटरल्यूकिन म्हणतात आणि त्यातल्या तेरा नंबरच्याची यात मोठी करामत आहे. तो निरोप येत राहिला की पेल्याच्या पेशी वाढतात, आणि काही कुंचलेवाल्या पेशीसुद्धा आपला धंदा सोडून कफ गाळायला बसतात. म्हणजे गाळणारे वाढले आणि लोटणारे घटले. कफ चिकट होतो, नळ्या तुंबतात, माणूस गुदमरतो. वैरी कधीच निघून गेलेला असतो, निरोप मात्र फिरत राहतात. हे वाचताना मला आमचा व्हरांडा आठवला. तिथेही असंच चालत असे.

बाईंनी सुलभेला गोळ्या दिल्या, धुरापासून लांब राहायला सांगितलं. सासू-सून गेल्या. भागीरथीबाई जाताना क्षयाच्या वॉर्डातल्या एका पेशंटच्या आईशी बराच वेळ कुजबुजत उभ्या होत्या, ते मी खिडकीतून पाहिलं आणि मनात टिपून ठेवलं.

शिमगा झाला, पालख्या देवळात गेल्या. आणखी बरेच दिवस गेले आणि एका सकाळी भागीरथीबाई एकट्याच हजर. हातात डबी. "सुनेचा कफ. पुन्ना बघा," म्हणाल्या. नजर माझ्याकडे नाही, खिडकीच्या गजाकडे.

"ती का नाही आली?"

"तिला उठवत नाय."

मी काच तयार केली. दुर्बिणीत डोळा घातला. निळ्या शेतात लाल रेघाच रेघा. दोन दोन, तीन तीन एकत्र, शोधायचीसुद्धा गरज नव्हती. मी दुसरी काच घेतली आणि पेशींचा रंग दिला. पिळलेला दोरा नाही. स्फटिक नाही. त्या लालसर दाण्यांच्या पेशींचा पत्ता नाही. नुसता पू. थुंकीलाही चेहरा असतो, वर्षानुवर्षं बघितला की ओळखता येतो. ज्या छातीतून आधीच्या दोन डब्या भरल्या होत्या त्या छातीतून ही भरलेली नव्हती, एवढं मला शपथेवर सांगता आलं असतं.

माझ्या डोक्यात सगळं झटकन जुळलं. सुनेवर क्षय सिद्ध होत नाही म्हटल्यावर म्हातारीनं वॉर्डातल्या कुणाचा तरी कफ मिळवलान. मी निकाल लिहून दिला की सून कायमची माहेरी. सासवांच्या गोष्टी मी कमी ऐकल्या नव्हत्या. मला इतका संताप आला की मी दोन्ही काचा घेऊन तडक बाईंच्या खोलीत गेलो आणि जे मनात होतं ते सगळं बोललो.

बाईंनी काचा पाहिल्या. "कफ तिचा नाही, हे तुमचं खरं," त्या म्हणाल्या. "पुढचं अजून आपल्याला माहीत नाही. निकाल लिहू नका. म्हातारीला आत बोलवा."

भागीरथीबाई आत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "लाल निघाला काय वो?"

"निघाला तर काय करणार?" मी कुत्सितपणे विचारलं.

"तुमी औसद देनार ना? ता घेऊन जायन."

मला हे अपेक्षित नव्हतं. सुनेला घालवायला निघालेली सासू औषध कशाला मागेल? बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि शेतीभाताचं विचारत विचारत मुलीवर आल्या. "नात काय करते? आईपाशीच असते का?"

"नाय वो. आवशीपास्नं लांब ठेवलीय. लोकाला दिसाया नको? बापसापाशी निजते."

बाईंनी लगेच विचारलं, "दत्ताराम अजून गावीच आहे?"

रत्नागिरीतल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. चाकरमानी शिमग्याला येतो तो गाडीचं परतीचं बघूनच येतो. पालखी घरी येऊन गेली, नारळ दिला, की त्याची पिशवी भरलेली असते. शिमगा होऊन इतके दिवस गेल्यावर धडधाकट चाकरमानी गावात दिसला तर वाडी विचारते, नोकरी गेली की काय? भागीरथीबाईंनी पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या संशयाला योग्य वाट सापडली होती, पण मी चुकीच्या घरात शिरलो होतो.

"उद्याच्या पहिल्या गाडीनं सुलभेला घेऊन या," बाई म्हणाल्या. "आणि आज रात्री मुलगी बापापाशी निजता कामा नये. कुणाला काय वाटायचं ते वाटू दे."

"आवशीपाशी कशी निजवू? वाडी काय म्हनंल?" एवढं पुटपुटून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुलभा सासूबरोबर आली. डोळे खोल गेलेले, शिट्टी तशीच, गोळ्या संपलेल्या. बाईंनी विचारायच्या आतच ती म्हणाली, "ती डबी माजीच. मीच थुकली त्यात."

कुणी आरोप केला नव्हता आणि ती कबुली देत होती. असा माणूस मी तोवर बघितला नव्हता. खिडकीपाशी येणारा प्रत्येकजण आजार दुसऱ्याच्या नावावर ढकलायला बघे. ही आजार ओढून घेत होती.

बाईंनी तिला फणसाखाली नेलं आणि समोर खोकायला लावलं. मी तिथल्या तिथे काच केली. तेच पिळलेले दोरे. बाई म्हणाल्या, "तिला दाखवा."

पेशंटला दुर्बिणीत बघू द्यायची आमच्यात रीत नव्हती. मी स्टूल सरकवलं, एक डोळा मिटायला शिकवलं, आरसा उन्हाकडे वळवला. आधी तिचा स्वतःचा कफ दाखवला.

"सुंभ दिसतोय," ती म्हणाली.

"हा तुझा. आता हा बघ, तुझ्या नावावर आला तो."

ती बराच वेळ बघत राहिली. "तांबड्या रेगा हायत. लय हायत."

"प्रत्येक रेघ म्हणजे एक जंतू," बाई तिच्या मागे उभ्या राहून म्हणाल्या. "खोकताना हवेत उडतात. हा ज्याचा कफ आहे त्याच्या तोंडाशी जो निजेल त्याच्या छातीत जातात. तुझ्यात एकही नाही. सुलभा, काल रात्री मुलगी कुणापाशी निजली?"

दुर्बिणीवरची तिची मान वर आली ती थेट सासूकडे वळली. "आये," ती म्हणाली, "आये, पोर." खोकल्याची उबळ आली आणि ती स्टूलावरून खाली बसली.

मग भागीरथीबाई बोलल्या. दत्ताराम मुंबईत गावाच्या खोलीत राहत होता. एका गावची माणसं एका खोलीत, कुणी दिवसपाळीचा, कुणी रातपाळीचा, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. तिथे क्षयाचं नाव निघालं की वळकटी दाराबाहेर, आणि वळकटी बाहेर म्हणजे नोकरीही गेली. तो खोकतच आला होता. रक्त पडलं तेव्हा घरात कळलं. तपासायचं तर नाव लागणार. नाव गावात कळलं की पुढच्या गाडीनं खोलीत पोचणार.

"ही बोलली, माज्या नावावर न्या," म्हातारीनं सुनेकडे बोट केलं. "मी नाय सांगितला. हिनंच काढलान."

"माजा नाव असाही गेलाय," सुलभा जमिनीकडे बघत म्हणाली. "वाडीत सगळ्यांनी ठरवलानी, मला खय हाय. मग त्यांचा कशाला घालवायचा? औसद माज्या नावानं आलं असतं, त्यांनी घेतलं असतं, बरं झालं असतं."

मी वॉर्डातल्या बाईबद्दल विचारलंच, राहवेना. भागीरथीबाई म्हणाल्या, "मी तिला इचारला, तुज्या पोराला औसद लागू पडला काय? ती बोलली, पडला. मग जीवात जीव आला." एवढंच ते कुजबुजणं होतं. मी त्यावरून केवढं कारस्थान रचलं होतं, ते आता लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नाही.

आणि खोटं खपावं म्हणून त्यांनी सगळं रीतसर केलं होतं. सुनेला क्षय आहे असं वाडीला पटायला पोरीला आईपासून तोडली, ती दुधावरची नसली तरी रडून थकली, आणि तिला गप्प करायला बापाच्या कुशीत दिली. लाल रेघांच्या कुशीत. मी त्या दिवशी निकाल लिहून खिडकीतून सुलभेचं नाव पुकारलं असतं, तर कागदोपत्री माझं काही चुकलं नसतं. डबीवर तेच नाव होतं.

सुलभेनं उठून पदर खोचला. दुपारच्या गाडीलासुद्धा थांबायला तयार नव्हती. बाईंनी तिला जबरदस्तीनं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "पोरीला घेऊन झोप. तुझा कफ तिला काही करणार नाही. आणि दत्तारामला सांग, औषध त्याच्या नावावरच मिळेल. दुसऱ्याच्या नावावर मी देणार नाही."

पुढचं थोडक्यात सांगतो. मुलीला तपासलं, तिच्या हातावरची चाचणी उमटली, म्हणजे जंतू शिरला होता, पण आजार झालेला नव्हता. तिला बरेच महिने गोळ्या दिल्या आणि ती सुटली. दत्तारामचं औषध लांबलचक चाललं, सुया, गोळ्या, मळमळ. बरा झाला, पण खोलीतली जागा त्याला परत मिळाली नाही. निकाल स्वच्छ आल्याचा कागद घेऊन तो मुंबईला जाऊन आला, तर त्याच्या वळकटीच्या जागी दुसऱ्याची वळकटी होती. तो गावीच राहिला. पुढे राब तो भाजू लागला आणि सुलभा तेवढे दिवस वारा येतो त्या बाजूच्या माहेरी जाऊन राहू लागली, तेव्हा तिचा शिमग्याचा खोकला निम्म्यावर आला. वाडीतल्या बायांनी त्यावरही काहीतरी हेरलं असेलच. आम्ही मात्र खिडकीतून नावं पुकारणं बंद केलं आणि पत्र्याचे नंबराचे बिल्ले दिले. फार उशिरा सुचलं, ही खंत मला आजही आहे.

पण ते बिल्ले पुढचे. सुलभा धावत घरी गेली त्याच्या दुसऱ्याच सकाळची गोष्ट सांगायची राहिली.

व्हरांडा भरलेला होता. बाजाराचा दिवस, आतल्या गावांतली निम्मी माणसं दवाखान्यात. एक उंच, खंगलेला माणूस मुंबईच्या धर्तीची विजार घालून रांगेत उभा होता. तोंडाला बायकी लुगड्याचा धुतलेला तुकडा बांधलेला. त्याच्या मागे दोन माणसांवर त्याच्याच वाडीतला एकजण होता, ते मला नंतर कळलं. त्या उंच माणसाला मात्र ते आधीच ठाऊक होतं. पाळी आली तसा तो खिडकीशी आला. मी त्याला मागे नेलं, माझ्या डोळ्यांदेखत त्यानं डबी भरली आणि आम्ही परत खिडकीशी आलो. मी चिठ्ठी घेतली. एवढ्या वर्षांच्या सवयीनं माझ्या मनात आलं, आता हा कुठलं नाव सांगतो बघू.

"नाव?" मी हळूच विचारलं. त्यानं कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं.

त्यानं तोंडावरचा कपडा खाली केला नाही, पण मान वळवली आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा आवाज काढला. त्या छातीतून एवढा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, वाडी.

"आनि तुमी नीट लिवा, भाव," तो म्हणाला. "डबी माजी हाय. बायकोची नाय."

साऱ्या माना वळल्या होत्या. मी चिठ्ठीवर सगळं लिहिलं, डबीला चिकटवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.